चेंबर बदलला तरी तेल गळतंच: जुन्या ऑक्टाव्हियाला बसणारा वापरलेला ऑइल चेंबर कसा शोधायचा

पहिल्या पिढीतली स्कोडा ऑक्टाव्हिया, त्यातही १.९ लिटरची टीडीआय डिझेल, अजून आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. २००१ साली तिची जोडणी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला सुरू झाली. इंजिनाबद्दल तक्रार करणारा मालक शोधून सापडायचा नाही. तक्रार असते ती इंजिनाच्या पोटाखालच्या, तेल साठवणाऱ्या ऑइल चेंबरची, आणि ती जवळजवळ ठरलेल्या क्रमानं येते. स्पीडब्रेकरवर गाडी घासली, चेंबर फुटला. गॅरेजवाल्यानं कुठून तरी जुना चेंबर आणून बसवला. काही दिवसांत पार्किंगच्या फरशीवर पुन्हा तेलाचा डाग. मिस्त्रींनी चेंबर उतरवून दुप्पट सिलिकॉन थापलं, तरी डाग आहेच. मग ‘हा चेंबर या गाडीचा नव्हेच’ असा निकाल लागतो आणि दुसऱ्या चेंबरची शोधाशोध सुरू होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चेंबर खरोखर चुकीचा असेल तर तो पहिल्याच दिवशी कळतो. एखादं भोक जुळत नाही, एखादा पाइप अडतो, एखादी जोडणी लोंबकळत राहते. सगळे बोल्ट बसले, गाडी चालू झाली आणि पंधरा दिवसांनी गळती लागली, तर दोष बहुतेक वेळा बसवण्यात असतो किंवा गळती मुळात चेंबरची नसतेच. म्हणून दुसरा चेंबर विकत घेण्याआधी थोडा वेळ गाडीखाली घालवा.

गळतं नेमकं कुठून?

तेल खाली येतं आणि चेंबर सगळ्यात खाली असतो, त्यामुळे वरून कुठूनही गळालं तरी नाव त्याचंच होतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचं हाउसिंग आणि त्याला चिकटून असलेल्या ऑइल कूलरचं सील, टर्बोचा तेल परतीचा पाइप, क्रँकशाफ्टचं मागचं सील, यांतलं काहीही पाझरलं की तेल चेंबरच्या कडेवरून ओघळतं. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो, म्हणून ओला भाग मूळ जागेच्या मागेच दिसतो. त्यात या गाडीला खाली प्लॅस्टिकचं मोठं कव्हर असतं. तेल त्यात साठतं आणि कव्हरला जिथे भोक असेल तिथून टपकतं. फरशीवरचा डाग पाहून निदान करण्यात त्यामुळे काही अर्थ नाही.

पद्धत जुनी आहे आणि फुकटची आहे. खालचं कव्हर काढा. डिझेल आणि ब्रशनं इंजिनाचा खालचा भाग, गिअरबॉक्सचा जोड आणि चेंबर स्वच्छ धुवा, कापडानं कोरडं करा. वर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड शिंपडा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बॅटरीच्या उजेडात सगळ्यात वरची ओली जागा शोधा. सगळ्यात वरची म्हणतोय, सगळ्यात ओली नव्हे. तेल चेंबरच्या कडेच्या वरून येत असेल तर चेंबरला हात लावू नका.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे मिळतात तिथून थेंब पडत असेल तर बहुतेक गॅरेजात लगेच ‘मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगतात. सील जाऊ शकतं, नाही असं नाही. पण चेंबर नुकताच बदलला असेल तर आधी दोन बोल्टांची चौकशी करा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या गाडीच्या निम्म्या ‘पुन्हा गळतंय’ तक्रारींचं मूळ मला तिथेच दिसतं.

बदलायलाच हवा का?

या गाडीचा चेंबर ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा आहे. दाबलेल्या पत्र्याचा चेंबर मार बसला की चेपतो, हा तडकतो किंवा त्याचा तुकडाच उडतो. पण सगळेच चेंबर मार लागून बाद होत नाहीत. कित्येकांचे फक्त ड्रेन नटाचे (तेल सोडायच्या नटाचे) आटे गेलेले असतात. प्रत्येक सर्व्हिसला कोणीतरी लांब पान्यानं जोर लावलेला असतो, आणि लोखंडी बोल्टापुढे अ‍ॅल्युमिनियमचे आटे किती टिकणार? एवढंच झालं असेल तर चेंबर बदलू नका. नट एम १४ चा, दीड मिलिमीटर पिचचा आहे. त्याला हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) किंवा अख्खी धातूची बुशिंग बसवून नवे आटे करून देणारा टर्नर बहुतेक शहरांत मिळतो, आणि ते आटे मूळच्यांपेक्षा मजबूत असतात. बसवल्यावर नट ३० न्यूटन मीटरनं (टॉर्क पान्यावरचं जोराचं माप) आवळायचा, वॉशर दर वेळी नवीन. एम-सील आणि टेफ्लॉन टेप घरापर्यंत पोचण्यापुरते ठीक आहेत, त्यांना दुरुस्ती म्हणू नये.

तडा गेला असेल तर आर्गन वेल्डिंग होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतीव कामावर हात बसलेले कारागीर आहेत, पुण्या-मुंबईतही आहेत. अडचण अशी की वर्षानुवर्षं गरम तेलात राहिलेल्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. वेल्ड करताना ते धूर होऊन बाहेर पडतं आणि टाक्यात बुडबुडे राहतात. चांगला कारागीर तुकडा आधी तापवून तेल घालवतो, खरवडतो, पुन्हा तापवतो आणि मगच टाका घालतो. शिवाय उष्णतेनं चेंबरची वरची कड वाकू शकते. तडा तळाला, कडेपासून दूर असेल तर वेल्डिंग करून घ्यावं. कडेजवळ असेल किंवा गिअरबॉक्सला जोडणारा कान तुटला असेल, तर वेल्डिंगच्या फंदात न पडता दुसरा चेंबर पाहावा.

एक गोष्ट मात्र चेंबरच्याही आधी पाहायची. फुटल्यावर गाडी किती चालवली? लाल तेलाचा दिवा लागून टीं-टीं वाजल्यावर तिथल्या तिथे इंजिन बंद केलं असेल तर चिंता नाही. ‘पुढच्या पंपापर्यंत नेतो’ म्हणून चालवली असेल तर जुना ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडा. चकाकणारी भुकटी दिसली तर बेअरिंग घासलेत, आणि चेंबरचा खर्च हा पुढच्या खर्चाचा पहिला हप्ता ठरेल. विम्याच्या साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत चेंबर फुटल्याचं नुकसान मिळू शकतं, पण तेलाविना चालवून जाम झालेलं इंजिन ‘पुढचं नुकसान’ म्हणून बहुधा नाकारलं जातं.

जुळणारा चेंबर ओळखायचा कसा

दुकानात ‘ऑक्टाव्हियाचा चेंबर आहे का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. ऑक्टाव्हिया हे गाडीचं नाव झालं. त्याच नावाखाली दोन लिटर पेट्रोल आहे, १.८ टर्बो पेट्रोल आहे, १.९ डिझेल आहे. तेव्हा सुरुवात इंजिनाच्या कोडापासून करा. तो डिकीत स्पेअर चाकाच्या खड्ड्यातल्या स्टिकरवर असतो, सर्व्हिसच्या पुस्तकात असतो आणि इंजिनाच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ ठोकलेला असतो. स्टिकर आणि ब्लॉक यांत फरक निघाला तर ब्लॉकवरचा खरा धरा. इतक्या वर्षांत गाडीत इंजिन बदललेलं असणं अशक्य नाही.

दुसरा आधार म्हणजे चेंबरवर उठावात ओतलेला आकडा. फोक्सवॅगन समूहाच्या पार्ट नंबराला एक रचना आहे. पहिले तीन अंक इंजिनाचं कुटुंब सांगतात. या डिझेलचे ०३८. मधले तीन अंक भागाचा गट, इथे १०३. शेवटचे तीन चेंबरसाठी ६०१ किंवा ६०३. त्यापुढे एक-दोन अक्षरं येतात. ही अक्षरं दुकानदार सोडून देतो, आणि फरक नेमका त्यांच्यातच असतो. ०३८ १०३ पर्यंत जुळलं म्हणजे कुटुंब जुळलं, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या अक्षराप्रमाणे सेन्सरचं भोक आहे की नाही, कान कसे आहेत, हे बदलू शकतं. लॉराच्या, म्हणजे आपल्याकडच्या दुसऱ्या पिढीतल्या ऑक्टाव्हियाच्या, १.९ डिझेलचा आकडाही ०३८ नंच सुरू होतो, म्हणून ‘साहेब, सेम आहे’ हे वाक्य अगदी आत्मविश्वासानं ऐकायला मिळतं. मिळू द्या. आपला फुटका चेंबर सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही उलटे करून शेजारी ठेवा.

शेजारी ठेवल्यावर काय पाहायचं? पहिलं, कडेवरच्या बोल्टांची भोकं. पुठ्ठ्यावर आपल्या चेंबरची कड ठेवून पेन्सिलनं भोकं उतरवून घेतलीत तर तो पुठ्ठा फोनवरच्या सौद्यातही कामी येतो. दुसरं, गिअरबॉक्सकडचा चेहरा. या चेंबरला मागून तीन जाड बोल्टांनी गिअरबॉक्स जोडलेला असतो, म्हणजे तो नुसतं तेलाचं भांडं नसून इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा घट्ट ठेवणारा भाग आहे. हे तीन कान शाबूत हवेत आणि त्यांची पातळी एक हवी. तिसरं, खोली आणि आतला आकार. तेल ओढणारी नळी आणि तिची जाळी चेंबरच्या तळाशी ठराविक अंतरावर राहते. उथळ चेंबर बोल्टांवर बसला तरी जाळी तळाला टेकते, आणि मग तेल असूनही पंपाला मिळत नाही.

चौथं म्हणजे सेन्सर, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. काही गाड्यांत चेंबरच्या तळाला तेलाची पातळी मोजणारा सेन्सर असतो, काहींत नसतो. तुमच्या गाडीत सेन्सर नाही आणि मिळालेल्या चेंबरला त्याची खिडकी आहे, तर घाबरायचं कारण नाही. चेंबरसोबत त्याचा जुना सेन्सरही मागून घ्या, नवी रबरी रिंग घालून बूच म्हणून बसवा आणि वायर न जोडता सोडून द्या. विकणाऱ्यानं सेन्सर काढून वेगळा विकला असेल तर टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमची चकती करून घ्यावी लागते, तेही जमतं. उलट प्रकरण मात्र अडचणीचं आहे. गाडीत सेन्सर आहे आणि चेंबरला खिडकी नाही, तर वायर लोंबकळते आणि डॅशबोर्डवर पिवळा तेलाचा दिवा कायमचा वस्तीला येतो. पिवळा दिवा पातळीचा किंवा सेन्सरचा, लाल दिवा दाबाचा. दाबाचा स्विच ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर असतो, चेंबरवर नाही. म्हणून ‘चेंबर बदलल्यापासून लाल दिवा लागतोय, सेन्सर चुकीचा असेल’ हे निदान धोक्याचं आहे. लाल दिवा लागला की इंजिन बंद करायचं, बाकी चर्चा नंतर.

पाचवं, टर्बोची परतीची नळी. १.८ टर्बो पेट्रोल, म्हणजे आपल्याकडची ऑक्टाव्हिया आरएस, तिच्यात टर्बोचं तेल थेट चेंबरमध्ये परततं, म्हणून चेंबरच्या बाजूला त्यासाठी एक जादा तोंड असतं. १.९ डिझेलमध्ये ते तेल ब्लॉकमध्ये परततं, चेंबरला तसं तोंड नसतं. पेट्रोलचा चेंबर डिझेलचा म्हणून पुढे आला तर हे जादा तोंड पाहून लगेच ओळखू येतो. आकडाही ०६ए पासून सुरू होतो.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एक सोय आहे. ऑक्टाव्हियाचा हा सांगाडा चौथ्या पिढीच्या गोल्फचाच आहे. बोरा, पहिली ऑडी ए३ आणि पहिली सेआट लिऑन याही त्याच गोत्रातल्या. इंग्लंड-जर्मनीत नातेवाईक असतील आणि सुट्टीला येताना ते चेंबर आणायला तयार असतील (नातेवाईकांच्या प्रेमाची ही खरी कसोटी), तर ‘ऑक्टाव्हिया’ शोधण्याऐवजी गोल्फ शोधा, माल कितीतरी जास्त दिसेल. मात्र पसाटचा घेऊ नका. त्या काळच्या पसाटमध्ये तेच १.९ डिझेल लांबीच्या दिशेनं बसवलेलं आहे, आपल्या गाडीत ते आडवं आहे, आणि त्यानुसार चेंबरचा आकार साफ वेगळा आहे. परदेशात वर अ‍ॅल्युमिनियम आणि खाली पत्रा असा जोड चेंबरही मिळतो. आपल्या रस्त्यांना तो मला जास्त शहाणपणाचा वाटतो: मार बसला तर तळ चेपतो, लगेच फुटत नाही.

बाजारात

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नव्या सुट्या भागांसाठी नाना पेठ, आणि कुठेच नाही मिळालं तर दिल्लीचं मायापुरी, हा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. कुरिअरनं मागवणार असाल तर पाच फोटो मागा: उठावातला आकडा, तळ बाहेरून, आतून, गिअरबॉक्सकडचा चेहरा आणि ड्रेन नट काढलेलं भोक. शेवटचा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर आटे गेलेले आहेत असं समजा. पॅकिंग लाकडी खोक्यात हवं. पोत्यात गुंडाळून आलेल्या चेंबरचे कान वाटेतच तुटतात.

बिल घ्याच. चेंबरवर इंजिन नंबर नसतो, तो ब्लॉकवर असतो, त्यामुळे आरटीओच्या कागदांशी या बदलाचा संबंध येत नाही. पण चोरीच्या गाडीचा सुटा भाग आपल्या गाडीखाली लटकवायची कोणाचीच इच्छा नसते.

किमतीबद्दल माझा साधा हिशेब आहे. नव्या, दुसऱ्या कंपनीच्या पण चांगल्या चेंबरचा भाव आधी काढायचा. जुना त्याच्या निम्म्यापेक्षा महाग असेल तर नवाच घ्यायचा. जुन्यावर आट्यांचं काम, कड सरळ करणं, सेन्सरची रिंग असा खर्च चढतोच.

हातात आल्यावर दोन तपासण्या करायच्या. जाड काचेवर चेंबर पालथा ठेवा आणि कडेखाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवून पाहा. ०.१ मिलिमीटरची पट्टी कुठेही सहज जात असेल तर कड वाकलेली आहे. सिलिकॉननं ती झाकता येते, टिकत नाही. पालथा घालताना गिअरबॉक्सचा चेहरा काचेच्या बाहेर राहील असं पाहा. दुसरी तपासणी खडू आणि रॉकेलची. चेंबर स्वच्छ धुऊन बाहेरून ओल्या खडूचा पातळ थर द्या, वाळू द्या, आत रॉकेल ओता आणि रात्रभर तसाच ठेवा. केसाएवढा तडा असला तरी सकाळी खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलही चालतं. जुन्या वेल्डिंगचा टाका असलेला चेंबर या परीक्षेशिवाय बसवूच नये.

बसवताना: इथेच गळती जन्माला येते

जुना चेंबर उतरवल्यावर ब्लॉकमधून तेल बराच वेळ ठिबकत राहतं. त्या ठिबकत्या कडेवर सिलिकॉन लावलं तर ते धरत नाही. जमलं तर गाडी रात्रभर तशीच उभी ठेवा. सकाळी कड थिनर किंवा ब्रेक क्लीनरनं पुसून पांढऱ्या कापडावर डाग पडेनासा झाला की पुढे जा. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. ग्राइंडरला घासणीची चकती लावून ‘चकाचक’ करून देणारे मिस्त्री असतात, त्यांना नम्रपणे थांबवा. ती चकती मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये खळगे पाडते आणि तिची कणी इंजिनात जाऊन बेअरिंग खाते.

चेंबर खाली आहे तोवर तेल ओढणाऱ्या नळीकडे बघा. चेंबर फुटण्याइतका मार बसला असेल तर नळी वाकलेली किंवा तडकलेली असू शकते. जाळीत मागच्या मिस्त्रींच्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेले सापडले तर नवल नाही. ते सगळे चिमट्यानं काढा.

या चेंबरला कागदी किंवा रबरी पॅकिंग नसतं, सिलिकॉनची रेघच पॅकिंगचं काम करते. कारखान्याची सूचना आहे की रेघ दोन ते तीन मिलिमीटर जाड असावी आणि बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं जावी. त्याहून जाड रेघ लावली तर आवळताना जादा माल आत पिळला जातो, सुटतो आणि जाळीवर जाऊन बसतो. गळती थांबवायला थापलेलं दुप्पट सिलिकॉन इंजिनाचा घसा आवळतं ते असं. रेघ ओढल्यापासून पाच मिनिटांत चेंबर वर चढला पाहिजे, म्हणून बोल्ट, पाना आणि मदतीचा माणूस आधी तयार ठेवा. दोन बोल्टांच्या जागी बिनडोक्याचे लांब स्टड तात्पुरते लावले तर चेंबर सरळ वर जातो, रेघ पुसली जात नाही.

आवळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळे लहान बोल्ट आधी हलक्या हातानं. मग गिअरबॉक्सचे तीन मोठे हलक्या हातानं, म्हणजे दोन्ही चेहरे आपापल्या जागी टेकतात. मग मोठे तीन ४५ न्यूटन मीटरला. शेवटी लहान बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं १५ न्यूटन मीटरला. घाईत लहान बोल्ट आधी पूर्ण आवळले आणि चेंबर गिअरबॉक्सपासून जरासा दूर राहिला, तर नंतरचे मोठे बोल्ट त्याला मागे खेचतात. ओलं सिलिकॉन त्या खेचण्यात फाटतं किंवा कान तडकतो. दोन्ही प्रकारांत गळती मागच्या बाजूनं लागते आणि दोष बिचाऱ्या सीलवर जातो.

आता ते दोन बोल्ट. चेंबरच्या मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या अगदी जवळ, दोन लहान अ‍ॅलन बोल्ट आहेत. साधी अ‍ॅलन की तिथे पोचत नाही. पाच मिलिमीटरची लांब, गोल डोक्याची की लागते आणि फ्लायव्हील फिरवून योग्य जागी आणावं लागतं. ती की नसलेल्या गॅरेजात हे बोल्ट काढताना छिन्नीनं काढले जातात आणि बसवताना सैल ठेवले जातात, किंवा बसवलेच जात नाहीत. बाकीचे सगळे बोल्ट घट्ट, म्हणून चेंबर हलत नाही, पण मागच्या कोपऱ्यातून तेल झिरपत राहतं आणि थेंब बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून पडतो. तीन चेंबर बदला, तरी फरक पडायचा नाही. काम देण्याआधी ‘मागच्या दोन बोल्टांची लांब की आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस गडबडला तर गाडी दुसरीकडे न्या.

कारखान्याच्या मते बसवल्यावर तीस मिनिटांनी तेल भरता येतं. घाई नसेल तर मी रात्रभर थांबेन. तेल साधारण साडेचार लिटर लागतं. तेल मोजायच्या पट्टीवरची (डिपस्टिकवरची) खूण पाहत थोडं थोडं भरा, फिल्टर नवाच घाला.

पत्र्याचा चेंबर असलेल्या गाड्या

वरचं बहुतेक सगळं ओतीव चेंबरला लागू आहे. पत्र्याचा चेंबर असेल तर माझा सल्ला छोटा आहे: वापरलेला घेऊ नका, नवा घ्या. पत्र्याची कड आधीच्या मालकाच्या बोल्टांनी भोकांपाशी फुगलेली असते आणि तळ हातोडीनं ठोकून काढलेला असतो. अशा चेंबरांचा धोकाही वेगळा आहे. ते फुटत नाहीत, गळत नाहीत, नुसते आत चेपतात. जाळी आणि तळ यांच्यातली फट कमी होते आणि तेल ओढायला अडथळा येतो. चेपलेला दिसला तर गळती नसली तरी उतरवून पाहा.

‘इंजिन एकच म्हणजे चेंबर एकच’ हा समज फियाटच्या १२४८ सीसी मल्टिजेटबाबत फार पसरला आहे, कारण तेच इंजिन स्विफ्टमध्ये, व्हिस्टामध्ये, लिनियामध्ये, कितीतरी गाड्यांत आलं. मारुतीसाठी ते मानेसरला बनत होतं, फियाट-टाटासाठी रांजणगावला. आतलं यंत्र सारखं असलं तरी गिअरबॉक्स, माउंटिंग आणि खालून जाणारे पाइप ज्या-त्या कंपनीचे. पुठ्ठ्याचा साचा आणि पार्ट नंबर तिथेही चुकवू नका.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा चालू करताना लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर रेस न देता बंद करा. बहुधा नळीच्या जोडाची रिंग राहिली आहे किंवा ती नीट बसलेली नाही. खालचं कव्हर आठवडाभर लावू नका, म्हणजे गळती लपणार नाही. पाच-दहा किलोमीटरनंतर एकदा आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा कड हातानं चाचपा, पट्टीवर पातळी पाहा. बोल्ट पुन्हा आवळण्याच्या मोहात पडू नका. वाळलेलं सिलिकॉन हलवलं की ते सुटतं.

जाड लोखंडी गार्ड लावायचा विचार असेल तर तो चेंबरपासून बोटभर तरी लांब राहील आणि ड्रेन नटाखाली त्याला भोक असेल असा करून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर पाठीचा असायला हवा. आपल्या गल्लीतला डांबराचा उंचवटा कोणत्या मानकाचा असतो हे तो टाकणाऱ्यालाच ठाऊक, तेव्हा चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर चाकं एका वेळी एक अशी तिरकी चढवा.

एवढं सगळं करूनही, दोन्ही मागचे बोल्ट हातानं तपासूनही, पावडर चेंबरच्या कडेवर कोरडी राहत असेल आणि थेंब गिअरबॉक्सच्या सांध्यातूनच येत असेल, तर मात्र मागचं सील गेलं आहे. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्याच खर्चात क्लच प्लेट पाहून घ्या, आणि चेंबर आहे तोच राहू द्या.